नेमकं किती दुखावं?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपणा सर्वांचे वडीलधारे विजयसिंह आबा, जिल्ह्याच्या गावाहून मुद्दाम आलेले आरोग्य खात्याचे साहेब, सरपंच राधाकिशन भाऊ, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या डॉक्टर शिवकांता हालगे मॅडम, बोरजाईची आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरची मंडळी, आणि सतरंजी सोडून मागे भिंतीलगत खुर्च्यांवर बसलेल्या माझ्या भगिनींनो,

मघाशी या भगिनींकडं बघून कुणीतरी म्हणालं, "बाया लई मोठ्या झाल्यात, खुर्चीबिगर बसंनात." तो गैरसमज आधी दूर करते. या बाया एकदा खाली बसल्या की त्यांना उठता येत नाही, म्हणून त्या खुर्चीवर आहेत. मीही त्यांच्यातलीच आहे. नवीन पाहुण्यांसाठी सांगते, मी विजयमाला जगताप, इथल्या हायस्कुलात मराठी शिकवते, आणि मला आमवात आहे.

आबांनी कार्यक्रमाचं सांगायला माणूस धाडला तेव्हा निरोप असा होता, की "बाईंना म्हणावं, निरोपाचा कार्यक्रम हाय, जरा गोड बोला." आबा, मॅडमविषयी गोड बोलायला तोटा नाही. परळीच्या व्यापारी घरातली लेक. विजेच्या कारखान्याची राख अंगणात पडायची, आणि वाळत घातलेलं पांढरं लुगडं संध्याकाळी राखाडी होऊन घरात यायचं, हे त्यांनीच आम्हाला हसत हसत सांगितलंय. शहरात दवाखाना टाकून सुखानं राहता आलं असतं. राहिल्या बोरजाईच्या आरोग्य केंद्रात. ज्या खोलीला दोनदा गळती लागली आणि एकदा साप निघाला, तिथं त्यांनी आम्हाला तपासलं. इतपत गोड बोलून झालं. आता जे सांगायचं आहे ते सांगते.

तुम्ही सगळे छबुबाईंना ओळखता. त्या तिथं डाव्या बाजूला बसल्यात, हिरव्या लुगड्यात. छबुबाई, लपू नका. या तालुक्यातल्या किती लेकी-सुनांनी त्यांच्याकडून बांगड्या भरून घेतल्या असतील? पाटोद्याच्या बाजारात त्यांची जागा ठरलेली, नारायणगडाच्या यात्रेत ठरलेली. त्यांचे मालक हनुमानराव पेटारा वाहायचे आणि छबुबाई हात धरायच्या. कासारणीचं कसब बांगडीत नसतं, ते समोरचीच्या हातात असतं. अंगठ्याच्या मुळाशी असं दाबायचं, की पंजा माशासारखा निमुळता होतो आणि काच मनगटावर कधी सरकली ते कळत नाही. माझ्या लग्नात चुडा त्यांनीच भरला. मी रडायच्या बेतात होते, तर म्हणाल्या, "बाई, रडायचं तर आत्ताच रडून घ्या, वरण-भात वाढंस्तोर डोळं कोरडं पायजेत."

मग त्यांची बोटं सुजायला लागली. सकाळी उठलं की मूठ मिटायची नाही. दुपारपर्यंत जरा सैल व्हायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरच्यांनी सांगितलं, वात आहे. शेजारणीनं सांगितलं, गार पाण्यात हात घालू नकोस. एकानं बाजारात इंजेक्शन टोचलं, आणि काय आश्चर्य, दुसऱ्या दिवशी छबुबाई धावायला लागल्या! पंधरा दिवसांनी परत आडव्या. परत इंजेक्शन. असं कितीतरी वेळा. त्या इंजेक्शनांनी तोंड सुजून गोल झालं, तर लोक म्हणाले, तब्येत सुधारली.

आमवात म्हणजे काय, हे मॅडमनी आम्हाला फार सोप्या शब्दांत सांगितलं होतं. घराची राखण करणारं कुत्रं घरच्याच माणसाला चावायला लागावं, तसं आपलं शरीर आपल्याच सांध्यांना खायला उठतं. ते वेळेत आवरलं तर सांधे वाचतात. नाही आवरलं तर जे गेलं ते गेलं, परत येत नाही. म्हणून यात वेळ हीच सगळ्यात मोठी गोष्ट. आणि आमच्या बायकांना वेळच कुणी दिला नाही.

छबुबाईंचं सगळ्यांना कळलं ते एका लग्नात. नाव घेत नाही, ती माणसं इथंच बसलीत. नवरीचा हात छबुबाईंच्या हातात होता. बांगडी अंगठ्यापाशी आली, आणि छबुबाईंच्या बोटांतला जोरच गेला. एक बांगडी वाढली. दुसरी वाढली. तिसऱ्या वेळी काच नवरीला लागली आणि हळदीच्या हातावर रक्त आलं. मग व्हायचं तेच झालं. अपशकुन! कोणीतरी छबुबाईंचा पेटारा उचलून दाराबाहेर ठेवला. त्या दिवसानंतर त्यांना लग्नाचं बोलावणं आलं नाही.

त्या आठवड्यात त्या पहिल्यांदा मॅडमकडं आल्या. मॅडमनी त्यांची बोटं एकेक करून दाबून पाहिली आणि विचारलं, "इतके दिवस कुठं होतात?"

"हितंच होते की," छबुबाई म्हणाल्या. "तुमीच नव्हता."

खरं होतं ते. मॅडम यायच्या आधी आपल्या केंद्रात डॉक्टर असायचा तो बदलीची वाट बघत असायचा.

मॅडमनी इलाज सुरू केला. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, आणि मधूनमधून रक्त तपासायचं. गोळी साधी आणि जुनी. पण ती केंद्रात कधी असायची, कधी नसायची. नसली की मॅडम परळीला माहेरी गेल्यावर येताना पिशवीतून आणायच्या. साहेब, आपण मान हलवलीत, मी पाहिलं. आपल्याला हे माहीत आहे, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

आणि मग ती संशोधनाची बातमी आली. शहरातली एक मोठी संस्था. ज्यांना साध्या गोळ्यांनी पुरेसा उतार पडत नाही, त्यांच्यासाठी नव्या औषधाचा अभ्यास होणार होता. निवड झाली तर औषध, तपासण्या, सगळं त्यांच्याकडून. मॅडमनी आमच्या दोघींची नावं कळवली, माझं आणि छबुबाईंचं. माझाही हात तेव्हा इतका धरला होता, की फळ्यावर खडू ओढताना डोळ्यांत पाणी यायचं. मी मुलींना वही काढायला सांगून तोंडी शिकवायची.

संस्थेकडून मोहिनी नावाची एक तरुण मुलगी आली. गुणी पोरगी, तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. तिच्याकडं प्रश्नावली होती. रोजच्या जगण्यात किती त्रास होतो ते विचारायचं, उत्तराला गुण द्यायचे, आणि बेरजेवरून आजार किती ते ठरवायचं. मी छबुबाईंच्या शेजारीच बसले होते. ऐकाच.

"आजी, आंघोळीच्या टबातून बाहेर येताना त्रास होतो का?"

"टब म्हंजी?"

"म्हणजे, मोठ्ठं घंगाळ असतं ना? त्यात बसून आंघोळ करायची."

"घंगाळात कावून बसू बाई? घंगाळातलं पानी घेत्यात, त्यात बसत न्हाईत!"

"मग काय लिहू?"

"लिव्ह, तरास न्हाई. बसतच न्हाई तर तरास कशाचा?"

हसा, हसा. आम्हीही हसलो होतो.

"मोटारीचं दार उघडता येतं का?"

"आमी जीपच्या मागं लटकून येतो. तिला दारच न्हाई."

"घर साफ करायचं यंत्र ओढता येतं का? उंच फडताळावरून डबा काढता येतो का?"

यंत्र नाही, त्रास नाही. फडताळ नाही, त्रास नाही. एकेका नाहीला शून्य, आणि शून्य म्हणजे तब्येत ठणठणीत. परातीत पीठ मळता येतं का, हे कुणी विचारलं नाही. भाकरी थापता येते का, चुलीपुढून उठता येतं का, हंडा कमरेवर राहतो का, परसाकडं उकिडवं बसता येतं का, लुगड्याची गाठ स्वतःच्या हातानं मारता येते का? सकाळी गाठ मारून द्यायला सून लागते, तेव्हा सासूला कसं वाटतं, याला किती गुण?

माझं मात्र सगळं जमलं. माझ्या घरी फडताळ आहे. भावाची मोटार आहे, तिचं दार मला उघडत नव्हतं. भावजयीच्या घरी यंत्र होतं, ते मला ओढवत नव्हतं. मला भरपूर गुण पडले. आयुष्यभर मुलींना गुण देत आले, पण दुखण्यात इतके चांगले गुण मिळवून पास होईन असं वाटलं नव्हतं. माझी निवड झाली. आणि छबुबाईंच्या नावापुढं शेरा आला, आजार सौम्य.

सौम्य! मराठीची शिक्षिका आहे म्हणून सांगते, हा शब्द आम्ही चांदण्याला वापरतो. देवाच्या मुखाला वापरतो. ज्या बाईला स्वतःच्या कपाळावर कुंकू लावायला कोपर वर नेता येत नव्हतं, तिचा आजार सौम्य.

मॅडम स्वस्थ बसल्या नाहीत. आम्हा दोघींना घेऊन त्या संस्थेत गेल्या. तिथले मोठे डॉक्टर सज्जन होते, आम्हाला चहा पाजला. म्हणाले, "मॅडम, तुमची तळमळ कळते. पण आकडा तर कमी आहे."

मॅडम म्हणाल्या, "सर, एकदा त्यांच्या हाताला हात लावा."

त्यांनी लावला. बोटाचा सांधा नुसता धरला, तर छबुबाईंनी असा आवाज काढला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. डॉक्टरांनी हात हळूच खाली ठेवला. मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण निकष आधी ठरलेत. मध्येच बदलले तर सगळा अभ्यास वाया जाईल. तुम्ही प्रश्न सुचवा, पुढच्या वेळी घेऊ."

आता यात खोटं काय बोलले ते? काहीच नाही. शिस्त असतेच संशोधनाला. माझा संताप होतो तो यावरच, की वाईट माणूस कुणीच सापडत नाही! प्रत्येक जण सज्जन, प्रत्येक जण नियमाला धरून, आणि छबुबाई दाराबाहेर.

परतीच्या एसटीत छबुबाई माझ्या शेजारी होत्या. मी अवघडून खिडकीबाहेर बघत होते. त्याच म्हणाल्या, "बाई, तुमी कावून तोंड पाडता? तुमचं दुखनं शाळंत गेलंय. माजं अडानी ऱ्हायलं."

मला औषध सुरू झालं. खडू हातात आला. वर्गात पहिल्यांदा फळाभर लिहिलं तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि मी फळ्याकडं तोंड करून उभी राहिले, कारण मला छबुबाई दिसत होत्या.

इकडं मॅडमनी सुचवायचं काम मनावर घेतलं. तपासणी संपली की केंद्राच्या ओट्यावर बाया गोळा करायच्या आणि विचारायच्या, "सांगा, हात दुखायला लागल्यावर पहिलं काय सुटलं?" एक म्हणाली, धार काढणं. एक म्हणाली, लेकराची वेणी. एकीनं सांगितलं, नवऱ्यानं हात धरला की ओरडते म्हणून तो आता धरत नाही. मॅडमनी तेही लिहून घेतलं. मी भाषा नीट केली, मॅडमनी धाडलं. उत्तर आलं, सूचनांची नोंद घेतली आहे. आम्ही वाट बघत राहिलो. किती पावसाळे गेले ते जाऊ द्या.

शेवटी दुसरा अभ्यास निघाला. आणि मंडळी, त्यात आमचे प्रश्न होते! भाकरी होती, हंडा होता, उकिडवं बसणं होतं. मोहिनीनं फोन करून सांगितलं तेव्हा मॅडम पोरीसारख्या हसल्या. या वेळी छबुबाईंना इतके गुण पडले की मोजणारीच दचकली. आम्ही शहरात गेलो. हाताचे एक्स-रे काढले. तिथल्या डॉक्टरांनी ते उजेडाला धरले आणि खाली ठेवले.

म्हणाले, "आजार फार पुढं गेलाय, सांधे झिजलेत. यांच्यात या औषधाचा फरक मोजताच येणार नाही. घेता येत नाही."

मॅडमना मी चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मागं दुखणं कमी म्हणून घेतलं नाही. आता जास्त म्हणून घेत नाही. मग आमच्या बायकांना नेमकं किती दुखावं? तेवढं एकदा सांगा, म्हणजे बरोबर तेवढंच दुखवून घेऊन येतो."

छबुबाईंनीच मॅडमचा पदर ओढला. "चला मॅडम. मालक फाट्यावर वाट बघत असतील."

छबुबाईंचे हात आज आहेत तसे आहेत. बोटं एका बाजूला कलली, ती आता सरळ होणार नाहीत. गोळीनं दुखणं उतरलंय, रात्री झोप लागते, स्वतःच्या हातानं जेवतात. पण बांगडी भरता येत नाही.

आता त्यांच्या लेकीचं सांगते आणि थांबते. आबा, घड्याळाकडं बघू नका, खरंच थांबते.

सुनिता, त्यांची धाकटी. पेटारा तिनं हातात घेतला होता. पहिलं बाळंतपण झालं आणि महिना-दोन महिन्यांत एका सकाळी ती आईला म्हणाली, "आई, मूठ मिटंना." छबुबाईंनी चूल तशीच टाकली, ओल्या बाळंतिणीला आणि लेकराला घेऊन तडक केंद्रात आल्या. मॅडमचा डबा अजून उघडायचा होता. छबुबाई दारातून ओरडल्या, "मॅडम, हिचं सौम्य हाय तवरच बघा!"

मॅडमनी त्याच दिवशी रक्त धाडलं. पोरगी अंगावर पाजत होती, म्हणून तिला चालेल असं वेगळं औषध दिलं. तिला दर महिन्याला बोलावलं, नाही आली तर माणूस धाडला. आज सुनिताचं लेकरू अंगणवाडीत जातं आणि सुनिताची दहाही बोटं सरळ आहेत. परवा पाटोद्याच्या बाजारात तिनं माझ्या पुतणीला चुडा भरला, एक बांगडी वाढली नाही. छबुबाई शेजारी बसून नुसत्या रंग निवडून देत होत्या. "हिरवा घे, हिरवा. पिवळा उन्हात उडतो."

दोघी एका घरातल्या, आजार एकच, गावही एकच. आईचे हात गेले आणि लेकीचे राहिले, ते कशानं? लेकीला नवं औषध लागलं नाही, शहर लागलं नाही. तिच्याकडं वेळेत बघणारं माणूस जागेवर होतं, एवढंच.

आणि ते माणूस आज आपण हार घालून पाठवतो आहोत. वय झालं, नियमानं निवृत्ती आली, त्याला आपला इलाज नाही. पण मॅडमच्या जागी कोण येणार, हे मी सकाळपासून विचारते आहे. साहेबांना चहा देताना विचारलं. ते म्हणाले, "मागणी वर कळवलेली आहे." आबांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, आपन बघू." कधी बघू? दर गुरुवारी सांध्यांची तपासणी असते. या गुरुवारी त्या मागच्या सगळ्या खुर्च्या केंद्राच्या ओट्यावर असतील. कुणी चार कोस चालून येईल, कुणी जीपला लटकून. सुनिताच्या रक्ताचा अहवाल यायचा आहे. ज्यांच्या गोळ्या संपल्यात त्यांना रक्त बघितल्याशिवाय पुढची गोळी देता येत नाही, आणि नाही दिली तर कुत्रं परत चावायला लागतं. तो अहवाल कुणी वाचायचा? मी? मी फार तर त्यातलं शुद्धलेखन तपासीन.

म्हणून अध्यक्षांना आणि साहेबांना, हात नीट जुळत नाहीत तरी जोडून विनंती करते. माझ्यानंतर आपण दोघं बोलणार आहात. मॅडमचं कौतुक जरूर करा, त्यांनी ते कमावलंय. पण त्याआधी गुरुवारी मॅडमच्या खुर्चीवर कोण बसणार, त्याचं नाव सांगा. नाव नसेल तर "नाही" म्हणा. या बाया "नाही" ऐकू शकतात, त्यांना सवय आहे. त्यांना "बघू" नको आहे.

मॅडम, तुमच्यासाठी तीनच वाक्यं. तुम्ही आमचा हात हातात घेऊन विचारलंत, "कधीपासून दुखतंय?" इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. तुमच्या स्वतःच्या गुडघ्यांनाही आता विश्रांती मिळो.

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. ऐकून घेतलंत, आपलेही आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, आवाज चढला असेल, तर वयानं आणि पदानं मोठे आहात, पोटात घाला. पण गुरुवारचं तेवढं पोटात घालू नका, त्याचं उत्तर या माईकवर द्या. छबुबाई आणि मागच्या भगिनींनो, कुणीही उठू नका, आपण उत्तर ऐकूनच घरी जाऊ.

नमस्कार.